आधी सत्कार, मग समुद्र

"घरातली चांगली चादर सायकलीवर, आन् पाहुण्यांच्या गादीवर फाटकी! पाहुणे काय म्हणत्याल?" धनश्रीने स्वयंपाकघरातून विचारले.

"पाहुणे दोन दिसांनी जात्यात. ही हितंच राहती," बिरदेव म्हणाला आणि मागचा ब्रेक चिमटीत धरून पाहू लागला.

बिरदेव मासाळ हा खुटबावचा. वय चव्वेचाळीस. कुरकुंभच्या एका कारखान्यात तो स्टोअर सांभाळायचा. कंपनीची बस चौफुल्यावरून सुटायची आणि घरापासून चौफुल्यापर्यंतचा रस्ता तो रोज सायकलीवर कापायचा. सायकल निळी, गिअरची. पुण्यातल्या एका इंजिनीअरने ती तब्येत सुधारण्यासाठी घेतली होती आणि तब्येत जराही न सुधारता तीन महिन्यांत विकून टाकली होती. तिला बिरदेवच्या घरी येऊन आता चार वर्षे झाली होती. या चार वर्षांत तिने त्याला एकदाही उलट उत्तर दिले नव्हते, आणि घरात असे म्हणता येईल अशी ती एकटीच होती. चेन सुकली की ती बारीक कुरकुरायची, हवा कमी झाली की वळणावर जड व्हायची. बिरदेवला तिचे दुखणे कानानेच कळे. धनश्रीचे डोके दुखत असेल तर ते मात्र तिला दोनदा सांगावे लागे.

या माणसाने समुद्र पाहिलेला नव्हता. धनश्रीने पाहिला होता. बचत गटाच्या सहलीत ती गणपतीपुळ्याला जाऊन आली होती आणि येताना कोकम आणि कोकणातल्या लोकांविषयीची बरीच मते घेऊन आली होती. तेव्हापासून बिरदेवच्या डोक्यात एकच किडा होता. आपण जायचे ते सायकलीवर. ताम्हिणीचा घाट उतरून दिवेआगर गाठायचे आणि तिथून समुद्र उजव्या हाताला ठेवून वेंगुर्ल्यापर्यंत. त्यासाठी त्याने दोन वर्षे रजा साठवली होती. शनिवार ते पुढचा रविवार, नऊ दिवस मंजूर झाले होते. स्टोअरच्या माणसाला नऊ दिवस सलग मिळणे ही गोष्ट पुन्हा होण्यासारखी नव्हती, हे साहेबांनी सही करतानाच बजावले होते.

बेत त्याने आधी सायकलीला सांगितला, मग बायकोला. बायकोला सांगितल्यावर गावाला वेगळे सांगायची गरज पडली नाही.

गुरुवारी संध्याकाळी पोपटराव आले. पोपटराव म्हणजे गावचे माजी उपसरपंच. 'माजी' या शब्दाचा त्यांना फार त्रास होत असे, म्हणून यंदा ते पंचायत समितीला उभे राहणार होते.

"कवा निघतुयास?"

"शनवारी पहाटं."

"आन् येणार कवा?"

"फुडच्या ऐतवारी."

पोपटरावांनी डोळे मिटून बोटांवर काहीतरी मोजले आणि त्यांचा चेहरा उतरला. "मंगळवारपासनं आचारसंहिता लागतीय, लेका. म्हंजी तू आल्यावर मला तुझा सत्कार करता यायचा न्हाई. फ्लेक्स न्हाई, माईक न्हाई, काय न्हाई."

"न्हाई केला तरी चालंल की."

"तुला चालंल रं. मला कसं चालंल? गावचा गडी सायकलीवर समुद्र पालथा घालून येतो आन् त्याला साधी शाल न्हाई? इरोधक काय म्हणत्याल?"

"मग जाताना शुभेच्छा द्या."

"शुभेच्छांला कोण येतंय? सत्कार यशाचाच असतो. शनवारी सकाळी धाला उरकू. दुपारी नीघ."

"पर यश अजून आलं कुठंय?"

"यील की! माझा इस्वास हाय तुझ्यावर."

विश्वास माणसांवर पुष्कळ जण टाकतात. पण पुराव्याची वाट पाहायलाही वेळ नसावा, इतका गाढ विश्वास फक्त निवडणुकीच्या तोंडावरच पाहायला मिळतो.

शनिवारी सकाळी चौकात फ्लेक्स लागला. त्यावर पोपटरावांचा चेहरा पाण्याच्या टाकीएवढा होता आणि बिरदेव त्यांच्या खांद्यापाशी चिमणीएवढा. खाली लिहिले होते, 'अरबी समुद्राची संपूर्ण किनारपट्टी सायकलीवर सर केल्याबद्दल खुटबावचे सुपुत्र बिरदेव मासाळ यांचे हार्दिक अभिनंदन.' मागे समुद्र होता. त्या समुद्राच्या काठावर गोरी माणसे छत्र्या लावून पहुडली होती. एवढे सगळे बिरदेवने सहन केले. पण चित्रातला बिरदेव ज्या सायकलीवर बसला होता ती सायकल लाल होती.

"ही माझी सायकल न्हाई," तो फ्लेक्सवाल्या सुमितला म्हणाला.

"दादा, तुमची निळी मागच्या पाण्यात दिसतच न्हवती. आन् जरा जुनाट बी वाटत व्हती. म्हणून नेटवरनं चांगली घेतली."

"आरं, पर मी हिच्यावर बसलोय ना त्यात?"

"त्यात फकस्त डोकंच हाय तुमचं. बाकी धड बी नेटवरलंच हाय."

बिरदेवने शेजारी उभ्या असलेल्या आपल्या सायकलीकडे पाहिले आणि तिचे हँडल दुसरीकडे वळवले. काही गोष्टी तिने वाचू नयेत असे त्याला वाटले.

दहाचा सत्कार एक वाजता सुरू झाला, कारण प्रमुख पाहुण्यांना आचारसंहितेआधीचे आणखी पाच सत्कार होते. पाहुणे आले ते घाईतच. सायकलीला स्टेजवर उभी करून झेंडूचा हार घातला, चाकांना गुलाल लावला, गिअरवर हळदीकुंकू वाहिले. मग पाहुण्यांच्या हातात नारळ दिला. पाहुण्यांनी फोडायला दगड शोधला. स्टेजवर दगड नव्हता आणि पाहुण्यांना वेळ नव्हता. त्यांनी नारळ सायकलीच्या पेडलवरच फोडला. नारळ पहिल्या फटक्यात फुटला नाही. पेडल मात्र दुसऱ्या फटक्यात वाकले. टाळ्या वाजल्या. बिरदेवने डोळे मिटून घेतले, आणि लोकांना तो भारावला आहे असे वाटले.

"आता सत्कारमूर्ती आपले अनुभव सांगतील!" पोपटराव माईकवरून गरजले.

बिरदेव उभा राहिला. "मंडळी, खरं सांगायचं तर मी अजून गेलेलोच न्हाई..."

पोपटरावांनी झटकन माईक हिसकावला. "बघा! याला म्हणत्यात नम्रता! एवढं करून माणूस म्हणतो, मी काय केलंच न्हाई!" पुन्हा टाळ्या. माईक परत बिरदेवच्या हातात आला. समोर तीनशे माणसे आणि मागे पेढे घेऊन उभ्या असलेल्या बाया. त्याने घसा खाकरला.

"समुद्र... मोठा असतो," तो म्हणाला.

लोकांना ते फार पटले.

वाकलेल्या पेडलवर वेंगुर्ला सोडा, वाखारीसुद्धा गाठता येत नाही. बिरदेव सायकल ढकलत केडगावला ज्ञानदेवच्या दुकानात गेला. स्टेशनजवळ ज्ञानदेवचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते आणि या सायकलीच्या अंगावर बिरदेवखालोखाल त्याचाच हात फिरलेला होता. त्याने चेनवरून बोट फिरवले. बोट लाल झाले.

"चेनीत गुलाल? ही सायकल हाय का मिरवणूक?"

"सत्कार झाला तिचा."

"असं दोन सत्कार झालं तर मरंल ती," ज्ञानदेव म्हणाला आणि पाना शोधू लागला. "पेडल उद्या सकाळी मिळंल. तवर बस गप."

तो गप बसला असता, पण केडगावात पोपटरावांच्या विरोधातले मच्छिंद्रशेठ होते. त्यांच्या माणसाने सायकल दुकानात पाहिली आणि अर्ध्या तासात मच्छिंद्रशेठ स्वतः हजर. पोपटराव एका गावच्या गुणी माणसाचा सत्कार करतो आणि आपण हात बांधून बसायचे? रविवारी केडगावात सत्कार झाला. फ्लेक्सवर आता लाल सायकलीऐवजी पिवळी होती. या खेपेला बिरदेवने 'मी गेलो नाही' असे म्हणून पाहिले नाही. तो दहा मिनिटे बोलला. वाळू कशी पायाला चटके देते, लाटा कशा एकामागून एक येतात. हे सगळे त्याने शनिवारी रात्रभर मोबाइलवर पाहिले होते. आपण बरे बोलतो, हे त्याला पहिल्यांदाच कळले.

सोमवारी पहाटे निघायचेच, असे ठरवून त्याने पिशव्या सायकलीला बांधल्या. तेवढ्यात फोन वाजला. कंपनीच्या एचआरमधल्या दीक्षा मॅडम होत्या. दौंडला राहणाऱ्या, कामाला चोख आणि कायद्याच्या पक्क्या.

"अभिनंदन, बिरदेवभाऊ! तुमचे फोटो ग्रुपवर आलेत. साहेब एकदम खूश. उद्या मंगळवारी कंपनीत तुमचा सत्कार ठेवलाय. आणि बरं झालं तुम्ही लवकर आलात. ऑडिट लागलंय. गुरुवारपासून जॉइन व्हा."

"मॅडम, मी अजून गेलोच न्हाई."

"मग फ्लेक्स?"

"ते... आचारसंहितेमुळं आधीच लावलं."

"म्हणजे न गेलेल्या ट्रिपचा सत्कार घेतलात? आणि तो फोटो साहेबांनी वर हेड ऑफिसला पाठवलाय. भाऊ, नीट ऐका. तुम्ही गेला असाल तर ट्रिप संपली, म्हणून रजा संपली. गेला नसाल तर कंपनीची फसवणूक झाली, मग चौकशी लागते. फॉर्मवर मी यातलं काय लिहू?"

बिरदेवने पिशव्यांच्या गाठी सोडल्या. "गेलतो म्हणून लिवा," तो म्हणाला.

मंगळवारी कुरकुंभला सत्कार झाला. तिथे पडद्यावर फोटो दाखवायची सोय होती. बिरदेवकडे फोटो नव्हते, तर दुसऱ्याच कुणाचे तरी दाखवले. तो पंचवीस मिनिटे बोलला. साहेबांनी 'टीमवर्क' या विषयाशी त्याचा संबंध जोडून दाखवला. एकटा माणूस सायकलीवर गेला, यात टीम कुठली, हे कोणी विचारले नाही.

घरी आला तो सासूबाईंचा फोन. रतनबाई शिरूर तालुक्यातल्या निमोण्याच्या. "जावयाचा सत्कार परक्या गावात व्हतो, कंपनीत व्हतो, आन् सासुरवाडीनं काय घोडं मारलंय?"

"मामी, आता आचारसंहिता लागलीया."

"माझ्या अंगणाला न्हाई लागत! उद्याच या. आन् सायकल आणा. बायांनी बघितली न्हाई."

जरा नकाशा डोळ्यांपुढे आणा. समुद्र पश्चिमेला. केडगाव खुटबावच्या पूर्वेला, कुरकुंभ त्याच्याही पूर्वेला, निमोणे उत्तरेला नदीपलीकडे. बिरदेव प्रत्येक सत्कारात समुद्रावर बोलत होता आणि प्रत्येक सत्कारासरशी समुद्रापासून लांब चालला होता. सायकलीचे तर चाकच जमिनीला लागत नव्हते. तिला पिकअपमध्ये उभी करून, हार घालून नेत. 'थोडी चालवत नेतो' म्हटले तर लोक म्हणत, 'आता किती चालवशीला? दमला असशीला!'

निमोण्यात रतनबाईंच्या अंगणात मांडव घातला होता. इथे बिरदेव खऱ्या अर्थाने खुलला. चाळीस मिनिटे बोलला. श्रीवर्धनला वादळ आले. पाणी माडाएवढे उंच उसळले. त्याने एका हाताने सायकल धरली, दुसऱ्या हाताने कोळ्याचे पोर ओढून काढले. बायांनी तोंडाला पदर लावले. रतनबाईंनी जावयाची दृष्ट काढली. धनश्री एका कोपऱ्यात बसून नवऱ्याकडे बघत होती. असा रसाळ बोलणारा नवरा तिला वीस वर्षांत घरी कधी दिसला नव्हता.

त्याचे बोलणे संपल्यावर ती म्हणाली, "तुम्ही गेला न्हाईत तेच बरं झालं. गेला असतात तर एवढं घडलं असतं का?"

ती चेष्टेने बोलली. पण बिरदेवला खरा धक्का याचा बसला की, त्यालाही क्षणभर तसेच वाटले होते. रजा गेली होती. समुद्र तर तोंडपाठ झाला होता. आता जायचे कशाला? त्याने सायकलीकडे पाहिले. तिच्या सीटवर कोणीतरी लहान मुलाला बसवून फोटो काढत होते. तिच्या तोंडावर, म्हणजे पुढच्या दिव्यावर, हार लटकत होता. दिवेआगरचे वचन त्याने स्टेजवरच्या कोणाला दिलेले नव्हते. ते दिले होते ते तिला, चादरीखाली हात घालून.

परतताना बिरदेव पिकअपच्या मागे सायकल धरून बसला. शेजारी आबा, त्याचे वडील. सत्तरी ओलांडलेली, डोक्याला पांढरे मुंडासे, बोलणे कमी. पिकअप नदीच्या पुलावर आली.

"श्रीवर्धनात वादळ केलंस मगाशी," मग ते म्हणाले.

"व्हय."

"ह्या दिसांत न्हाई व्हत. दिवाळीच्या फुडं समुद्र पाण्यात बसल्याल्या म्हशीवानी असतो. निस्ता श्वास घेतो."

"तुमाला काय म्हाईत, आबा?"

"चौदा वर्सं मेंढरं न्हेलीत मी तिकडं. भात निघालं का ताम्हिणीनं खाली उतरायचो. माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन. खताला शेतात मेंढरं बसवायची, शेतकरी तांदूळ द्यायचे. पावसाच्या आधी माघारी."

बिरदेवला हे माहीत होते. म्हणजे लहानपणी आजीपाशी गावात राहून कानावर पडले होते. पण चौदा वर्षे बायको, कोंबड्या आणि दोनशे मेंढरे घेऊन समुद्रापर्यंत चालत जाणे ही काही केलेली गोष्ट आहे, असे त्याला कधी वाटले नव्हते. आबांनाही वाटले नव्हते.

"तुमचा कुणी सत्कार न्हाई केला?"

"करायला थांबलो असतो तर मेंढरं फुडं गेली असती की." आबांनी तंबाखू मळायला घेतली. "मग, तू कवा निघतोस?"

"आता कसला निघतोय? रजा संपली. उद्या कामावर."

"दमला न्हाईस का?"

"कशानं?"

"एवढी सायकल हाणली. सगळी किनारपट्टी."

"आबा, हाणली कुठं?"

"ते तुला म्हाईत आन् मला म्हाईत," आबा शांतपणे म्हणाले. "कंपनीला कुठं म्हाईत हाय?"

बिरदेवने वडिलांकडे जरा वेळ पाहिले. ज्या माणसाला आपण उभ्या आयुष्यात भोळा समजत आलो, तो चौदा वर्षे कोणकोणत्या फॉरेस्ट गार्डांना चुकवून मेंढरे नेत असेल, याचा त्याला पहिल्यांदाच अंदाज आला.

गुरुवारी सकाळी आठला तो केडगावच्या एका दवाखान्यात बसला होता. डॉक्टरांनी त्याला पाहताच ओळखले. रविवारी फ्लेक्स दवाखान्याच्या समोरच लागला होता.

"या, या! पाय दुखतात ना?"

"तसं काय न्हाई, डॉक्टर. जरा थकल्यावानी..."

"लपवू नका. सगळी किनारपट्टी काय खायचं काम आहे?" डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला. दोन्ही उत्तम होते. त्यांचा चेहरा गंभीर झाला. "हे असंच असतं खेळाडूंचं. बाहेरून ठणठणीत, आतून पोखरलेले. सोमवारपर्यंत सक्तीची विश्रांती. आणि एक लक्षात ठेवा, सायकलीला हात लावायचा नाही!"

सर्टिफिकेटचा फोटो दीक्षा मॅडमना गेला. दहा मिनिटांत त्यांचा फोन. "भाऊ, काळजी घ्या. कारणात मी 'किनारपट्टी दौऱ्याचा थकवा' असं टाकलंय. साहेबांनी लगेच सही केली. म्हणाले, एवढं करून आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?"

अशा रीतीने, न केलेल्या प्रवासाच्या थकव्यापोटी बिरदेवला प्रवासाची रजा मिळाली. नऊ दिवसांची पाच झाली होती, पण ती सगळी कायदेशीर होती.

नऊ वाजता तो घरातून निघाला. आता त्याला अडवणारे कोणी नव्हते. जो माणूस जायला निघाला आहे त्याला अडवता येते. जो जाऊन आला आहे, त्याच्याकडे कोण लक्ष देणार? वेशीपाशी एकाने विचारले, "बिरदेव, पिशव्या बांधून कुठं?" तो म्हणाला, "दवाखान्यात." "बरोबर हाय, दमला असशील," तो माणूस म्हणाला. चेनीतला उरलेला गुलाल यवतपर्यंत उडत राहिला आणि मग संपला.

गुरुवारचा मुक्काम पौडच्या पुढे झाला. शुक्रवारी ताम्हिणी. घाट उतरताना ब्रेकचे रबर जळल्याचा वास आला, तेव्हा त्याने थांबून चाकावर पाणी ओतले आणि स्वतः तहानेला राहिला. तो चुकीच्या गिअरवर आला की सायकल एकदाच टक् करून सांगायची आणि तो सुधारायचा. चढावर तो तिला ढकलायचा, उतारावर ती त्याला न्यायची. त्याने हिशेब केला नाही, पण दोघांच्या वाट्याला सारखेच आले असावे. ऊन कलताना दिवेआगरच्या सुरूच्या बनातून तो बाहेर आला आणि थांबला. किती वेळ थांबला ते त्याला आठवत नाही. सायकल त्याने वाळूत आडवी टाकली नाही. कमरेला टेकवून उभी धरली, कारण तिलाही दिसायला हवे होते.

तेवढ्यात धनश्रीचा फोन आला.

"अहो, घोटाळा झाला असता आज! पोपटराव आलते."

"कशाला?"

"तुमी आजारी म्हणून बघायला. शहाळी घेऊन. तशी ती त्येनी बायकोच्या नावानं दिली, आचारसंहिता हाय म्हणून. आता माणूस घरात नको का दाखवायला? आबांनी तुमच्या खाटंवर आडवं व्हऊन गोधडी घेतली डोस्क्यावरनं."

"आन् ओळखलं न्हाई?"

"घटकाभर बसले की पायथ्याला! इचारलं, 'कसं वाटतंय?' आबा म्हणले, 'हाय बरं.' पोपटराव मला बाजूला घेऊन म्हणले, वैनी, थकव्यानं आवाज पार म्हातारा झालाय, जपा. मग परत जाऊन इचारतात, 'ह्या टायमाला मत कुणाला?' आबा म्हणले, 'बघू.'"

"मग?"

"मग म्हणले, काळजी न्हाई, डोकं जाग्यावर हाय."

शनिवारी हरिहरेश्वर, बागमांडल्याला सायकलीसकट फेरीबोटीत बसून पलीकडे वेश्वी, मग केळशी, आंजर्ले. कोकणातला किनाऱ्याचा रस्ता फक्त नकाशातच सपाट असतो. प्रत्येक गाव समुद्रकाठी आणि दोन गावांच्या मध्ये एक डोंगर. आंजर्ल्याच्या चढावर बिरदेवला कळले की आपण तीन सभांत ज्या वेगाने हे अंतर कापले होते, तो वेग मोटारीलाही जमणारा नाही. रात्री हर्णैला त्याने आधी सायकलीवरचा खार गोड्या पाण्याने धुतला, चेन पुसली, तेल दिले आणि मग स्वतः जेवला. खानावळवाली म्हणाली, "घरच्यासारखी जपता हो तिला." तो म्हणाला, "घरच्यांनी ऐकलं तर मला जेवाय मिळायचं न्हाई."

वादळ कुठेच आले नाही. कोळ्याचे एकही पोर बुडत नव्हते. उलट दाभोळच्या धक्क्यावर एका पोराने त्यालाच हात धरून बोटीत घेतले, कारण फळीवर त्याचा पाय थरथरत होता.

रविवारी संध्याकाळी तो गुहागरला पोचला. वेंगुर्ला अजून पुष्कळ लांब होते आणि सोमवारी सकाळी एसटीच्या टपावर सायकल बांधून परत फिरायचे होते. त्याने पुढचे चाक पाण्यात घातले आणि तो तिथेच ओल्या वाळूत बसला. फोन वाजला. आज धनश्रीच्या आवाजात गडबड नव्हती. घरात बहुतेक सगळे जेवायला बसायच्या आधीची निवांत वेळ असावी.

"कुठं पोचलात?"

"गुव्हागरला."

"पाण्याजवळ हाय का?"

"पाण्यातच हाय."

"बरं, आता मला सांगा. खरा समुद्र कसा हाय?"

बिरदेवने समोर पाहिले. तोंड उघडले. वाळू, लाटा, पाण्याचा रंग, सगळे शब्द त्याच्याकडे होते. तीन ठिकाणी वापरून ते घासूनपुसून लख्ख झाले होते. पण समोर जे होते त्याला त्यातला एकही लागू पडेना. पाणी येत होते, जात होते. सायकलीचे चाक थोडे वळायचे, थोडे परतायचे.

"अहो, बोला की!"

"लई हाय," तो म्हणाला.

"एवढंच? निमोण्यात तर चाळीस मिनटं तोंड थांबत न्हवतं!"

"तवा बघितला न्हवता," बिरदेव म्हणाला.